नवमीला पाहिलेली खाडी

माझ्या हातून एक ओळ चुकीची लिहिली गेली आणि ती चार देशांत पोचली. या ओळीबद्दल मी आजवर थोडं बायकोला सांगितलंय, थोडं ऑफिसात, पण सबंध कुणालाच नाही. ते आता लिहून काढतो.

नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली दातांचा दवाखाना. आम्ही सहा-सात माणसं पर्यावरणाच्या पाहण्या करतो आणि त्यांचे अहवाल लिहितो. एरवी आमच्याकडे येणारं काम म्हणजे एखादा नाला, एखादं तळं, फार तर एखाद्या नगरपालिकेचा कचरा. त्यामुळे चार देशांचं काम आलं तेव्हा आमच्या साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले होते.

काम असं होतं. बांगलादेश, आपण आणि किनाऱ्यावरचे आणखी दोन शेजारी देश मिळून हवामान बदलावर एक आराखडा करत होते. सरकारी मराठीत त्याला ‘शमन आराखडा’ म्हणतात. आपल्याकडे शमन तहानेचं होतं, रागाचं होतं. इथे ते हवेत जाणाऱ्या कार्बनचं करायचं होतं. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांखालचा चिखल हा कार्बन वर्षानुवर्षं धरून ठेवतो, म्हणून चारही देशांनी आपापल्या खाड्यांच्या काठी तिवरं किती वाढवता येतील ते सांगायचं. प्रत्येकाने आपल्या पद्धतीने मोजलं तर बेरीज होत नाही. म्हणून सगळ्यांना एकच तक्ता. त्या तक्त्याचा नमुना आम्ही एका जागेसाठी भरून द्यायचा आणि तो समोर ठेवून बाकीच्यांनी आपले भरायचे, असं ठरलं. तो नमुना भरायचं काम माझ्याकडे आलं.

मला हे काम मनापासून पटलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण माझी चूक कंटाळ्यातून किंवा बेफिकिरीतून झाली नाही. एरवी एकमेकांकडे संशयाने बघणारे देश एका तक्त्यावर बसतायत, याचं मला अप्रूप होतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला आपल्या नोकरीबद्दल असं काही वाटावं हे सोपं नसतं.

जागा मीच सुचवली. मी कोपरला राहतो. आमच्या इमारतींच्या रांगा संपल्या की पुढे खाडीकडे खाजण लागतं. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो. काठाला एक जुनी वस्ती आहे, कोळ्यांची. वीस वर्षं मी तिथून जवळ राहतोय आणि त्या वीस वर्षांत खाडीच्या काठापर्यंत तीनदा गेलो असेन, त्यातही दोनदा गणपती विसर्जनाला. माझं गाव देशावर. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं, नाहीतर ओढ्यात. ते दिवसातून दोनदा येतं-जातं हे मला शाळेच्या पुस्तकातून माहीत, तेवढंच.

मी एका शनिवारी दुपारी गेलो. समोर चिखलाचा पट्टा, त्यापलीकडे संथ पाणी. माणूस एक नाही. होड्या काठावर ओढून ठेवलेल्या. एका घराच्या ओट्यावर साठीच्या एक बाई फाटकं जाळं पसरून बसल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, इथे मासे धरतात का कुणी?”

“धरतान की.”

“आज तर कोणीच दिसत नाही.”

“आता भांग हाय. भांगान कोन जाल?”

“सगळेच?”

“सगलेच! बाप्ये, बाया, समदे घरान.” माझा चेहरा बघून त्या हसल्या. “तू कुठचा रं भाऊ?”

“इथलाच. कोपरचा.”

“आन तुला म्हाईत नाय?”

मीही हसलो. मला वाटलं, कळलं. भर दुपारी गाव सामसूम, होड्या काठाला, आणि बाई स्वतःच्या तोंडाने सांगतायत. आणखी काही विचारावं असं मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचा संकोच वाटला. लोकांच्या व्यसनाबद्दल काय विचारणार? मी फोटो काढले, चार कोपऱ्यांची नोंद घेतली आणि निघालो.

तक्त्यात एक रकाना होता, ‘सध्याचा वापर’. त्यात मी लिहिलं, ‘नाही’. शेवटी शेऱ्याला जागा होती. ती मी रिकामीच ठेवणार होतो. पण सोमवारी ऑफिसात चहा घेताना कुणीतरी विचारलं, “काय रे, खाडीवर काय मिळालं?” आणि मी म्हणालो, “भांग!” मग तो प्रसंग साभिनय सांगितला. “सगलेच!” हे त्या बाईंच्या आवाजात म्हणून दाखवलं. सगळे हसले. साहेब डोळे पुसत म्हणाले, “अरे, मग शेऱ्यात टाक ना. सामाजिक बाजू म्हणून शोभेल.”

मी टाकलं. इंग्रजीत, सभ्य शब्दांत. स्थानिक पुरुष बहुतांशी निष्क्रिय, नशेचं प्रमाण लक्षणीय, अशा अर्थाचं.

‘वापर नाही’ या दोन शब्दांचा अर्थ काय होतो हे मला चांगलं ठाऊक होतं. जागा वापरात असेल तर वापरणाऱ्यांशी बोलावं लागतं, त्यांची संमती घ्यावी लागते. वापरात नसेल तर सरळ रोपं लावायची, भोवती कुंपण घालायचं आणि रोपं मोठी होईपर्यंत काही वर्षं आत कुणाला सोडायचं नाही. तक्ता पुढे गेला आणि नमुना म्हणून मंजूर झाला. सुटसुटीत आहे म्हणून माझं कौतुकही झालं.

मग चारही देशांची स्क्रीनवरची बैठक झाली. बांगलादेशाकडून एक प्राध्यापक होत्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, सुंदरबनाच्या बाजूला वाढलेल्या. हिंदी मालिका बघून हिंदी शिकले, असं त्या स्वतःच सांगायच्या. माझा तक्ता समोर असताना त्यांनी मला विचारलं, “आप जिस दिन गए, उस दिन मरा कटाल था क्या?”

मला शब्द कळला नाही. आवाजही तुटत होता. मी म्हणालो, “मॅडम, तपासून मेलवर कळवतो.” मी तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी मेल केला, की त्या दिवशी भरती-ओहोटी सर्वसाधारण होती. न कळलेल्या प्रश्नाला मी ठाम उत्तर दिलं. नोकरीत असं करायची सवय लागते, पण सवय लागली म्हणून ते खोटं नसतं असं नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी जेवताना मी सहज बायकोला विचारलं. तिचं माहेर रत्नागिरीकडे, खाडीकाठचं गाव. म्हटलं, “समुद्र मरतो का गं कधी? ती बांगलादेशची बाई म्हणत होती, मरा असं काहीतरी.”

“मरतो म्हणजे, जोर नसतो तेव्हा. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अष्टमी-नवमीच्या सुमाराला. तेव्हा जाळी लावून उपयोग नसतो. आम्ही त्याला भांग म्हणतो.”

मी घास खाली ठेवला.

“काय झालं?”

मी तिला खाडीवर काय झालं ते सांगितलं. विनोदही सांगितला. म्हणजे तसं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की तो आता विनोद राहिला नव्हता.

“आणि तुम्ही हसलात?” तिने विचारलं.

“सगळेच हसले.”

“मी सगळ्यांचं विचारलं नाही.”

तिने उठून खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, मागचं पान उलटलं. “कधी गेलेलात?” मी शनिवार सांगितला. तिने बोट ठेवलं. नवमी. “अहो, भिंतीवर टांगलेलं आहे हे,” ती म्हणाली. “आमच्याकडे पाचवीतलं पोर सांगेल.”

कॅलेंडरवर मी नेहमी फक्त सुट्ट्या बघतो.

यानंतर जे झालं ते मला चुकीपेक्षा जास्त टोचतं, कारण चूक नकळत झाली होती. पुढचे तीन आठवडे मला सगळं माहीत होतं आणि मी काही केलं नाही. रोज ठरवायचो, आज साहेबांना सांगू. मग त्यांना कुणाचा तरी फोन यायचा, किंवा ते खुशीत असायचे, किंवा नसायचे. दरम्यान बाकीचे देश माझा नमुना बघून आपापले तक्ते भरत होते. बायकोने दोनदा विचारलं, “सांगितलंत?” तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मग तिन्ही देशांचे प्रतिनिधी ठाण्याला येणार असं ठरलं. दोन दिवस बैठक आणि नमुन्याच्या जागेला भेट. साहेब म्हणाले, “भेटीचा दिवस तूच ठरव. फक्त पाहुण्यांना उन्हाचा त्रास नको.”

मी घरी येऊन कॅलेंडर काढलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ ठरवली, आठची वेळ, ओहोटी लागलेली असेल अशी. मला वाटलं, आता मला बोलायची गरजच नाही. खाडी स्वतः दिसेल, आलेली माणसं शहाणी आहेत, ती बघतील आणि विचारतील. मी त्या दिवशी शांत झोपलो. आपण हिंमत केली असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी फक्त तारीख बदलली होती.

ठरल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ती जागा ओळखू येईना. पाणी कुठल्या कुठे मागे गेलं होतं. आत रोवलेल्या खुंटांना जाळी बांधलेली, होड्या पाण्यात. चिखलात पंधरा-वीस बाया गुडघाभर रुतून वाकलेल्या, कमरेला टोपल्या. कुणी शिंपल्यांतले खुबे वेचत होतं, कुणी बिळात हात घालून चिंबोऱ्या काढत होतं. एकमेकींना मारलेल्या हाका काठापर्यंत येत होत्या.

पाहुणे थांबले. साहेबांच्या हातात माझा तक्ता होता.

“अरे, हे काय?” ते मला हळू आवाजात म्हणाले. “बातमी फुटली वाटतं. माणसं आणून उभी केलीत बघ, हक्क दाखवायला.” आणि मग पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, की हे नेहमीचं चित्र नाही, प्रकल्प येतोय कळल्यावर असे जमाव करतात, आमच्या पाहणीत इथे कोणी नव्हतं.

एक प्रतिनिधी समजल्यासारखी मान हलवत होते. त्यांच्याकडेही असं होत असावं.

तेवढ्यात चिखलातून आवाज आला, “काय रं भाऊ! आज बरा आलास! आता बघ काय ता!” जाळं विणत बसलेल्या त्याच बाई. हातातली चिंबोरी उंच धरून त्या मला दाखवत होत्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला ओळखते?”

माझ्या गप्प बसण्याने मघापर्यंत एका कागदावर चूक राहिली होती. आता त्याच गप्प बसण्याने समोरच्या पंधरा-वीस बाया लबाड ठरत होत्या, त्यांच्या रोजच्या कामात वाकलेल्या असताना. मी बोललो. इंग्रजीत, अडखळत. म्हणालो, ही माणसं आणलेली नाहीत. मी आलो तो दिवस नवमीचा होता. पाण्याला जोर नव्हता म्हणून कोणी खाडीत उतरलं नव्हतं. या बाईंनी मला तसं सांगितलं होतं. त्यांचा शब्द मला कळला नाही, मी त्याचा भलता अर्थ घेतला आणि शेऱ्यात तो भलता अर्थ लिहिला. तीन आठवड्यांपासून मला हे माहीत आहे.

मग बांगलादेशच्या प्राध्यापक म्हणाल्या, “और आपने मेल में जो जवाब भेजा था?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत नसताना लिहिलं.”

त्यांनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला माझ्याजवळ ठेवल्या आणि त्या चिखलात उतरल्या. त्यांना तिथे चालता येत होतं, पाय कसा टाकायचा ते माहीत होतं. काठावर आम्हा कुणाला ते माहीत नव्हतं. त्या मावशींपाशी पोचल्या आणि त्यांचं आगरी-कोळी मराठी आणि यांचं मालिकांमधलं हिंदी यांत बोलणं सुरू झालं.

“तुमच्यात काय बोलतान भांगाला?”

“मरा कटाल.”

“मरा?” मावशी खदखदून हसल्या. “आगं, ऐकलंस काय? यांचा मरतो! आमचा निस्ता निजतो.”

परतताना रिक्षात साहेब माझ्या शेजारी होते. त्यांनी माझा तक्ता घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, “मला आधी सांगायचं होतंस.”

“हो सर.”

“मी त्या बायकांना पाहुण्यांसमोर खोटं पाडलं. माझ्या तोंडाने. तू मला तसं करू दिलंस.”

मी त्या बायांचा अपराधी आहे हे मला कळत होतं, पण साहेबांचाही आहे हे तोवर लक्षात आलं नव्हतं. त्यांना शेरा शोभेल असं वाटलं तो त्यांचा दोष, पण त्या सकाळचा दोष माझा.

बैठकीत नमुना मागे घेतला गेला. नवीन तक्त्यात ‘सध्याचा वापर’ या रकान्याला तीन उपरकाने आले. पाहणी कधी केली, तेव्हा पाण्याची स्थिती काय होती, आणि कुणाला विचारलं. खाजणाचा तो पट्टा लागवडीतून वगळला. काठ जिथे ढासळतोय तिथेच तिवरं लावायची, आणि तीही वस्तीशी बोलून, असं ठरलं. कार्बनच्या बेरजेत आमचा वाटा कमी झाला. याचं मला वाईट वाटलं, हेही कबूल करतो. तिवरं हवीतच. फक्त ती कुणाच्या पायाखालून जागा काढून नकोत, एवढं शिकायला मला चार देश लागले.

पण नमुना आधीच फिरला होता. मी तिन्ही ठिकाणी पत्रं पाठवली, चूक कशी झाली ते लिहून. बांगलादेशच्या प्राध्यापकांनी माझा रकाना मुळात घेतलाच नव्हता. दुसऱ्या देशाने दोन जागा पुन्हा पाहायचं कबूल केलं. तिसऱ्या देशातल्या इंजिनियरने नम्र उत्तर दिलं, की तुमच्या नमुन्याप्रमाणेच सर्व जागा भरल्या आहेत, मुदत संपली आहे, पुढच्या फेरीत पाहू. त्यांच्या तक्त्यात एका जागेपुढे माझा शेरा जसाच्या तसा होता. पुरुष निष्क्रिय, नशेचं प्रमाण लक्षणीय. त्यांनी तो नमुन्यातून उचलून तिथे चिकटवला होता. तिथली माणसं कोण आहेत, मला माहीत नाही.

ते उत्तर आलं त्या आठवड्यात मी मावशींकडे गेलो. चार देशांच्या कागदावर काय लिहिलं ते सांगितलं, भांगेचंही. त्या आधी मोठ्याने हसल्या, शेजारणीला हाक मारून पुन्हा माझ्याकडून ऐकवलं. मग हसणं ओसरलं.

“माज्या घोवानं जन्मान कदी तोंडाला लावली नाय,” त्या म्हणाल्या. “ता कागद वर कुठवर गेला?”

“लांब गेला.”

“आन आता काय लिवलंस?”

मी नवीन ओळ मराठीत करून वाचून दाखवली. जागा रोजच्या वापरात, स्थानिकांकडून मासेमारी.

“मासेमारी नको लिवू. ती बाप्यांची. जाली लावतान, होरी नेतान. आमी बाया काय करतो?”

“काय म्हणू?”

“येचतो. खुबं, चिंबोऱ्या, चिखलातली निवटं, पाय चालल तवर. मासेमारी लिवलीस तर बाप्यांना इचारून मोकले होतील.”

मी तिथेच फोनवर ‘वेचणं’ असं वेगळं लिहून घेतलं, बायांचं काम, पायी. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं आणि मग विचारलं, “त्या सगल्या देशान आता नीट लिवलं?”

मी तिसऱ्या देशाचं सांगितलं. मुदत संपली, पुढच्या फेरीत बघतील.

“तिथं कुंपान घातलं तं?”

“घालतील.”

“मंग तिथल्या बाया कुठं जातील येचायला?”

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत, जाळ्याची पुढची गाठ मारायला लागल्या.

घरी येऊन मी त्या इंजिनियरना दुसरं पत्र लिहिलं. या वेळी चूक समजावली नाही. एकच प्रश्न विचारला, त्या जागेवर तुम्ही कोणत्या बाईशी बोललात. उत्तर आलेलं नाही. मी महिन्याभराने तेच पत्र पुन्हा पाठवलं आहे.